सोन्याचा कस ठरवायचा कोणी?

मुलीचे शिक्षण, घरातील आजारपण किंवा शेतीचा एखादा वाईट हंगाम अशा कोणत्या तरी कारणाने कपाटातील डबा उघडला जातो आणि सासूने सुनेला दिलेल्या पाटल्या रुमालात बांधून सराफाच्या पेढीवर पोहोचतात. सराफ त्या हातात घेऊन अंदाज घेतो, भिंगातून सांध्यांकडे पाहतो, एका काळ्या गुळगुळीत दगडावर पाटलीची कड हळूच ओढतो, त्या रेघेशेजारी आपल्याजवळच्या सळीची दुसरी रेघ काढतो आणि काचेच्या कांडीने तेजाबाचा थेंब दोन्ही रेघांवरून फिरवतो. या साऱ्याला दोन-तीन मिनिटांहून अधिक वेळ लागत नाही. मग तो एक आकडा सांगतो. तीस-चाळीस वर्षे 'बावीस कॅरेटच्या' म्हणून जपलेल्या पाटल्या प्रत्यक्षात अठरा-एकोणीस कॅरेटच्या आहेत, हे त्या घराला अनेकदा अशा वेळी प्रथमच कळते. तेव्हा ज्या पेढीवरून त्या घेतल्या, ती पेढी राहिलेली नसते. असली तरी पावती सापडत नाही. आणि पावती सापडली तरी तिच्यावर कसाचा उल्लेख नसतो.

सोन्याइतकी काळजीपूर्वक खरेदी भारतीय कुटुंबात दुसऱ्या कशाचीच होत नाही. तरीही या वस्तूचा मुख्य गुण, म्हणजे तिची शुद्धता, डोळ्यांनी दिसत नाही. वजन काट्यावर कळते, घडण नजरेला कळते; कस मात्र दुसऱ्याने सांगावा आणि आपण तो मानावा, अशीच रीत शतकानुशतके चालत आली. सांगणारा बहुधा विकणारा किंवा विकत घेणारा असल्यामुळे निकष काय, यापेक्षा तो कोणाच्या हातात आहे, हा प्रश्न सोन्याच्या बाबतीत नेहमीच अधिक महत्त्वाचा ठरला आहे.

मराठी भाषेने तर पारखण्याची सगळी परिभाषाच सराफकट्ट्यावरून उचलली आहे. पात्रतेचे निकष, निवडीची कसोटी असे शब्द आपण सरसकट वापरतो. पाच दिवसांच्या क्रिकेट सामन्यालाही कसोटी सामना म्हणतो. 'निकष' आणि 'कसोटी' ही दोन्ही नावे मुळात त्या काळ्या दगडाची आहेत. घासणे या अर्थाच्या संस्कृत धातूपासून 'निकष' शब्द सिद्ध झाला. दगडावर उमटलेल्या रेघेवरून जो ठरतो तो 'कस'. एखाद्याचा कस लागतो, जमीन कसदार असते, माणूस बावनकशी सोने ठरतो. जुने दागिने नवे घडवण्यासाठी दिले की ती 'मोड'; त्यावरून निरुपयोगी झालेली वस्तू किंवा व्यवस्था मोडीत निघते. पेढीची पायरी कधी न चढलेला माणूसही या शब्दांशिवाय बोलू शकत नाही.

दगड बोलतो कसा?

कसोटीचा दगड हा अतिशय बारीक कणांचा, काळा आणि सोन्याहून पुष्कळ कठीण असतो. त्यावर सोने ओढले की धातूचा पातळ थर दगडाला चिकटतो. काळ्या पार्श्वभूमीवर पिवळ्या रंगातील सूक्ष्म फरक उठून दिसतात. शुद्ध सोन्याची रेघ गर्द पिवळी. चांदी मिसळलेली असेल तर ती फिकट, किंचित हिरवट होते. तांबे मिसळले तर लालसर दिसते. इथेच एक अडचण आहे. चांदी आणि तांबे दोन्ही योग्य प्रमाणात मिसळले तर एकाचा फिकेपणा दुसऱ्याच्या लालीने झाकला जातो आणि रंगावरून कस सांगणे अवघड होते. याउलट, दोन दागिने अगदी सारख्या २२ कॅरेटचे असूनही त्यांतील उरलेल्या दोन भागांची मिसळ वेगळी असेल तर एक लालसर आणि दुसरा पिवळट दिसतो. 'रंगावरून सोने ओळखतो' असे सांगणाऱ्याकडे म्हणूनच थोडे सावधपणे पाहावे.

रंगाच्या या मर्यादेवर तेजाबाचा उपाय निघाला. नायट्रिक आम्ल तांबे आणि चांदी विरघळवते, सोन्याला स्पर्श करत नाही. पितळेची रेघ आम्ल लागताच नाहीशी होते. हलक्या कसाची रेघ मंदावते. चांगल्या कसाची टिकते. वरच्या कसांत फरक करायचा तर आम्लात हायड्रोक्लोरिक आम्लाची थोडी जोड द्यावी लागते. रेघ किती वेळात आणि किती फिकट झाली, याची तुलना ज्ञात कसाच्या सळीच्या रेघेशी केली जाते. सारे कौशल्य या तुलनेत आहे. मुरलेल्या पारख्याला अर्ध्या-एक कॅरेटचा फरक कळतो. नवख्याला तीन कॅरेटचाही कळत नाही. शिवाय दगड केवळ पृष्ठभागाची साक्ष देतो. वर जाड मुलामा आणि आत तांबे असेल तर दगड खुशाल खोटे बोलतो. म्हणूनच अनुभवी सराफ दागिना अडचणीच्या जागी, सांध्याजवळ किंवा थोडा कानशीने घासून मगच दगडावर ओढतो.

दगडावरच्या रेघाही वाया जात नसत. मेणाचा गोळा दगडावर दाबून त्या टिपून घेतल्या जात आणि पुरेसे सोने साठले की तो गोळा जाळून ते काढून घेतले जाई. सोनाराच्या दुकानातील केर विकत घेऊन, तो धुऊन त्यातील कण वेचणारे झारेकरी हाही या व्यवसायाचाच एक भाग. सोन्याच्या बाबतीत नकळत गळणाऱ्या कणालाही किंमत असते, आणि म्हणून मुद्दाम गाळलेल्या कणाला फारच.

हे गाळणे किती जुने आहे, हे पाहायचे तर कौटिलीय अर्थशास्त्र उघडावे. त्यातील दुसऱ्या अधिकरणात सुवर्णाध्यक्ष आणि सोनार यांच्या कामाची स्वतंत्र प्रकरणे आहेत. सोन्याच्या सोळा प्रती तेथे सांगितल्या आहेत. सोने चोरण्याचे पाच मार्गही मोजले आहेत. खोटा तराजू, धातूची अदलाबदल, वितळवताना किंवा घडवताना कण गाळणे, आत हलका धातू ठेवून वर पत्रा चढवणे आणि पोकळीत भलतेच काही भरणे हे ते मार्ग. त्याहून उद्बोधक भाग कसोटीच्या दगडाविषयीचा आहे. काही दगडांवर रेघ मूळ सोन्याहून उजळ उमटते, असे दगड विक्रेत्याच्या हिताचे. काहींवर ती मंद उमटते, ते खरेदीदाराच्या हिताचे, असे ग्रंथकार स्पष्ट सांगतो. नखाआड गेरूची पूड धरून ती रेघेवर भुरभुरण्याची लबाडीही त्याच्या नजरेतून सुटलेली नाही. थोडक्यात, ज्या दगडाच्या नावाने आपण 'निकष' हा शब्द निःपक्षपातीपणासाठी वापरतो, तो दगडच पक्षपाती असू शकतो, याची जाण दोन हजार वर्षांपूर्वीच्या प्रशासनाला होती.

अग्निपरीक्षा

घासणे, कापणे, तापवणे आणि ठोकणे अशा चार रीतींनी सोने पारखावे, असे जुने संस्कृत सुभाषित सांगते. यातील प्रत्येक रीत वेगळ्या फसवणुकीवरचा उतारा आहे. घासण्याने पृष्ठभागाचा कस कळतो. कापल्याने मुलाम्याखालचा धातू उघडा पडतो. तापवल्यावर तांबे-पितळ काळे पडते, शुद्ध सोने पडत नाही. ठोकल्यावर शुद्ध सोने तडा न जाता पसरत जाते. ग्राहकाची अडचण अशी, की यातील शेवटच्या तीन रीती दागिन्याचा निकाल लावतात. परीक्षा पुरी होईपर्यंत दागिना उरत नाही.

दागिना न मोडता त्याची पारख करण्याचा प्रश्न ग्रीक जगातही पडला होता. सिराक्यूजच्या हीरो राजाच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली काय, हे आर्किमिडीजने पाण्याच्या साहाय्याने शोधल्याची कथा रोमन ग्रंथकार व्हिट्रुव्हिअसने नोंदवून ठेवली आहे. सोने पाण्याच्या १९.३ पट जड, चांदी केवळ साडेदहा पट. त्यामुळे भेसळीचा मुकुट तेवढ्याच वजनाला अधिक जागा व्यापतो. ही रीत सुंदर आहे, पण आजच्या लबाडीपुढे तीही अपुरी पडते. टंगस्टन नावाच्या धातूची घनता सोन्याच्या घनतेला जवळपास तंतोतंत जुळते आणि त्याची किंमत सोन्याच्या मानाने नगण्य असते. टंगस्टनचा गाभा आणि सोन्याचे कवच असलेली लगड काट्यावरही फसवते आणि पाण्यातही.

निर्विवाद उत्तर देते ती आगच. तिची पद्धत मूळ तत्त्वात प्राचीन असून आजच्या प्रयोगशाळेतही तीच अंतिम मानली जाते. दागिन्यातून काही शतांश ग्रॅमच ते पाव ग्रॅमपर्यंतचा नमुना खरवडून घेतात आणि अतिशय नाजूक तराजूवर तोलतात. त्यात मोजून चांदी मिसळतात. सोने एकूण मिश्रणाच्या साधारण चौथा हिस्सा राहील, अशा बेताने. हे सारे शिशाच्या पत्र्यात गुंडाळून सच्छिद्र मुशीत ठेवून भट्टीत घालतात. शिसे वितळते, तांब्यासारख्या हलक्या धातूंना आपल्याबरोबर घेते आणि ते सारे ऑक्साइड होऊन मुशीच्या छिद्रांत शोषले जाते. मागे राहतो तो सोने-चांदीचा चकचकीत मणी. तो ठोकून पत्रा करतात, त्याची गुंडाळी करतात आणि गरम नायट्रिक आम्लात सोडतात. चांदी विरघळून जाते. तपकिरी, विटक्या रंगाचे सोने तेवढे उरते. पुन्हा तापवले की त्याला त्याचा रंग येतो. ते तोलले आणि मूळ वजनाशी त्याचे प्रमाण काढले की कस हाती आला. चांदी आधी मुद्दाम घालण्याचे कारण असे, की मण्यात सोन्याचे प्रमाण फार असेल तर आम्ल आतल्या चांदीपर्यंत पोहोचूच शकत नाही. अधिक भेसळ केल्याशिवाय मूळ भेसळ काढता येत नाही, हा या पद्धतीतील मजेदार भाग.

सोने आगीत घालून शुद्ध करण्याच्या या विद्येत महाराष्ट्राचा एक कोपरा देशभर ठाऊक आहे. सांगली जिल्ह्यातील विटा, खानापूर, आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा. शेतीवर पोट भरेना म्हणून येथील तरुण पिढ्यान्‌पिढ्या परमुलखात गेले आणि त्यांनी सोने-चांदी गाळण्याचा, म्हणजे गलाईचा धंदा पत्करला. उत्तर भारतापासून केरळ-तामिळनाडूपर्यंतच्या सराफ बाजारांत गलाईचे दुकान शोधले तर भट्टीपाशी मराठी बोलणारा माणूस भेटण्याचा संभव मोठा. स्थानिक सराफ आणि ग्राहक त्याच्या शब्दावर विसंबतात, याचे एक कारण त्याचे कौशल्य. दुसरे असे, की तो गावचा नसल्यामुळे कोणाच्या बाजूचाही नसतो. हलक्या सोन्यातून शुद्ध सोने वेगळे काढून देणे एवढेच त्याचे काम. अर्थात, आम्लाच्या वाफा आणि भट्टीचा धूर त्याच्या फुफ्फुसात जातो, याची नोंद त्या सोन्याच्या किमतीत कुठे होत नाही.

चौदा कॅरेटचा फसलेला प्रयोग

कस मोजण्याची पट्टी ही मुळात वजनाची पट्टी. 'कॅरेट' शब्दाचा उगम कॅरब झाडाच्या बीच्या ग्रीक नावात सापडतो. आपल्याकडे त्या जागी गुंज होती. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा. ब्रिटिश अमदानीत ठरलेला तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. दशमान पद्धतीनंतर सराफ बाजारात १० ग्रॅमलाच तोळा म्हणण्याचा प्रघात पडला. आजीच्या आठवणीतील 'पाच तोळे' आणि नातीच्या पावतीवरील 'पाच तोळे' यांत म्हणूनच आठ ग्रॅमहून अधिक अंतर असते. कसाच्या बाबतीत चोवीस भागांपैकी किती भाग सोने, हे कॅरेट सांगते. २२ भागिले २४ म्हणजे हजारात ९१६. १८ कॅरेट म्हणजे ७५०. १४ कॅरेट म्हणजे ५८५.

यापैकी कोणता कस चांगला, याचे उत्तर देशोदेशी वेगळे आहे. चोवीस कॅरेट सोने इतके मऊ, की त्याची अंगठी नित्याच्या वापरात वाकते. १४ किंवा १८ कॅरेटचा दागिना अधिक टणक असतो, हिरा घट्ट धरतो, झिजतो कमी. युरोप-अमेरिकेत तो सर्रास वापरला जातो, इंग्लंडमध्ये तर ९ कॅरेटही प्रतिष्ठित आहे. वापराचा निकष लावला तर भारतीय स्त्रीची बावीस कॅरेटची आवड अव्यवहारी ठरते. परंतु तिचा निकष वापराचा नाहीच. बांगडी तिच्या दृष्टीने शोभेची वस्तू आहेच, शिवाय तिच्या एकटीच्या मालकीची ठेवही आहे. जमीन नवऱ्याच्या नावावर, घर सासऱ्याच्या नावावर, अशा कुटुंबात अडीअडचणीला जे तिला स्वतःच्या अधिकारात मोडता येते, ते एवढेच. मोडताना घडण शून्य होते आणि कस तेवढा मोजला जातो. तिचे गणित बिनचूक आहे.

हे गणित ध्यानात न घेता सरकारने एकदा निकष बदलू पाहिला. चीनशी झालेल्या युद्धानंतर परकीय चलनाची चणचण आणि सोन्याची चोरटी आयात यांवर उपाय म्हणून मोरारजी देसाई अर्थमंत्री असताना, जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण नियम लागू झाले आणि १४ कॅरेटपेक्षा अधिक शुद्धतेचे दागिने घडवण्यास बंदी आली. लोकांना हलक्या कसाची सवय लागेल, मागणी ओसरेल, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात ग्राहकाने १४ कॅरेटकडे पाठ फिरवली. कारागिरांची हत्यारे, डाक, हातांची सवय सारे बावीस कॅरेटच्या मऊ धातूला बेतलेले. चौदा कॅरेटचे कडक मिश्रण त्यांच्या हातात वळेना. हजारो सोनार कुटुंबांचा रोजगार बुडाला, काही कारागिरांनी आत्महत्या केल्या. बावीस कॅरेटचे व्यवहार थांबले नाहीतच, ते पडद्याआड गेले. १९६६ मध्ये १४ कॅरेटची अट उठवावी लागली. सोन्यावरील इतर निर्बंध १९६८ च्या कायद्याने पुढे चालू राहिले आणि तो कायदा १९९० मध्ये रद्द झाला. या सर्व काळात ग्राहकाला संरक्षण देणारी कसाची अधिकृत खूण मात्र कोणी दिली नाही. व्यवहार चोरटा झाला की तक्रार करायलाही जागा उरत नाही, हा त्या धोरणाचा सर्वांत मोठा तोटा म्हणावा लागेल.

'केडीएम'ची पाटी

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही काही वर्षे सराफी दुकानांवर 'केडीएम दागिने मिळतील' अशा पाट्या झळकत. ग्राहक ती शुद्धतेची हमी समजे. मामला डाकाचा होता. दागिन्याचे तुकडे जोडायला जो डाक लागतो, तो मूळ धातूपेक्षा कमी तापमानाला वितळला पाहिजे. म्हणून पूर्वी त्यात तांब्याचे प्रमाण बरेच ठेवत. बारीक कलाकुसरीच्या दागिन्यात सांधे शेकड्याने असतात. पत्रा २२ कॅरेटचा असला तरी सगळा दागिना वितळवला की कस खाली येई. प्रामाणिक सोनाराचा मालही मोडताना उणा भरे, तो यामुळे. तांब्याऐवजी थोडे कॅडमियम वापरले तर डाकात सोन्याचे प्रमाण ९२ टक्क्यांच्या आसपास ठेवता येते आणि एकूण कस टिकतो. पाटीत तेवढे तथ्य होते.

पण कॅडमियम ७६७ अंश सेल्सिअसला उकळते. डाक लावताना फुंकणीच्या ज्योतीत त्याची वाफ होते आणि ती कारागिराच्या श्वासात जाते. हा धातू फुफ्फुसांना आणि मूत्रपिंडांना घातक आहे. कोंदट खोलीत दिवसाचे दहा-बारा तास मान खाली घालून बसणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली. ग्राहकाच्या निकषावर उत्तम ठरलेला दागिना घडवणाऱ्याच्या जिवावर बेतत होता आणि काउंटरच्या अलीकडे उभ्या असलेल्या कोणालाही त्याचा पत्ता नव्हता. पुढे भारतीय मानक ब्यूरोने कॅडमियमयुक्त डाकास मज्जाव केला आणि जस्तासारखे पर्याय रुळले. 'केडीएम' ही शुद्धतेची खूण कधीच नव्हती. ती एका डाकाची जात होती.

त्रिकोण, आकडा आणि सहा अक्षरे

कसाचा निवाडा विक्रेत्याकडून काढून तिऱ्हाईताकडे सोपवण्याची कल्पना युरोपात मध्ययुगातच रुजली. इंग्लंडमध्ये पहिल्या एडवर्डच्या १३०० सालच्या कायद्याने सोन्याचा किमान कस 'पॅरिसची कसोटी' इतका ठरवला. कायद्यातील मानकाचे नावही दगडावरूनच पडले होते. १४७८ पासून लंडनच्या सोनारांच्या संघाने आपल्या सभागृहातच कायमचा परीक्षक नेमला आणि माल तेथे आणून खूण करून घेणे सक्तीचे झाले. सभागृहातील म्हणून ती खूण 'हॉलमार्क'.

भारतात ही पद्धत यायला एकविसावे शतक उजाडावे लागले. भारतीय मानक ब्यूरोने सोन्याच्या दागिन्यांसाठी हॉलमार्क योजना २००० साली सुरू केली, चांदीसाठी २००५ मध्ये. दोन्ही ऐच्छिक होत्या. ज्या सराफाला हवे त्याने नोंदणी करावी आणि मान्यताप्राप्त केंद्रातून दागिने तपासून घ्यावेत. परिणाम काय झाला, तर ज्यांचा माल मुळातच चोख होता, ते खूण घेऊ लागले. ज्यांच्यासाठी ती आवश्यक होती, ते बाहेर राहिले. १६ जून २०२१ पासून, प्रथम २५६ जिल्ह्यांत, हॉलमार्क सक्तीचा झाला आणि मग टप्प्याटप्प्याने आणखी जिल्हे त्यात आले. सुरुवातीस १४, १८ आणि २२ कॅरेट एवढेच कस मान्य होते. २०२२ मध्ये २०, २३ व २४ कॅरेटची भर पडली, आणि सोन्याचे भाव आवाक्याबाहेर गेल्यावर २०२५ मध्ये ९ कॅरेटही यादीत आले. जो प्रयोग १९६३ मध्ये हुकमाने साधला नाही, तो भावाच्या रेट्याने किती साधतो, हे आता बाजारच दाखवील.

१ जुलै २०२१ पासून दागिन्यावर तीन खुणा असतात. मानक ब्यूरोचा त्रिकोणी शिक्का, कस दर्शवणारा '२२के९१६' यासारखा आकडा आणि सहा अक्षर-अंकांची एक स्वतंत्र ओळख, जिला 'एचयूआयडी' म्हणतात. ही ओळख प्रत्येक दागिन्याला वेगळी असते. १ एप्रिल २०२३ पासून तिच्याशिवाय हॉलमार्क केलेला दागिना सराफाला विकता येत नाही. मानक ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइल अॅपमध्ये ती सहा अक्षरे टाकली की दागिन्याचा प्रकार, कस, तपासणी केंद्र आणि सराफाची नोंदणी समोर येते. पडद्यावर 'अंगठी' दिसावी आणि हातात बांगडी असावी, असे झाले तर खूण उसनी आहे, हे उघड होते. पूर्वीच्या चार-पाच खुणांच्या पद्धतीत हे शक्य नव्हते. शिक्का खोटा मारला तर तो ओळखायचा कसा, याचे उत्तर सामान्य ग्राहकाकडे नसे.

या खुणेला मर्यादाही आहेत. प्रत्येक दागिना आगीत घातला जात नाही. तसे केले तर विकायला काही उरणार नाही. केंद्रात दागिने आधी क्ष-किरणांच्या यंत्राखाली जातात आणि प्रत्येक गटातून निवडक नमुन्यांचीच अग्निपरीक्षा होते. क्ष-किरण यंत्र काही क्षणांत उत्तर देते, पण कसोटीच्या दगडाप्रमाणे तेही वरच्या अतिशय पातळ थराचेच वाचन करते. दोन ग्रॅमपेक्षा हलके दागिने, कुंदन-पोलकी-जडावाचे काम आणि ४० लाख रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेले सराफ यांना सक्तीतून सूट आहे. खेड्यातील लहान पेढीवर, जिथे फसवणुकीची भीती आणि ग्राहकाची गरज दोन्ही जास्त, तिथेच कायद्याची पकड सैल राहते. लहान कारागीर टिकावा म्हणून ही सूट दिली गेली. तिचा भार मात्र त्याच्या गरीब ग्राहकावर पडतो.

शिवाय हॉलमार्क केवळ कसाविषयी बोलतो. घडणावळ किती, घट किती, बोरमाळेच्या मण्यांत किंवा साजाच्या पानांत लाख किती भरली आहे, खड्यांचे वजन सोन्याच्या भावाने लावले काय, याविषयी तो मूक असतो. हे पावतीवरूनच कळते. म्हणून सोन्याचे निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचे शुल्क वेगवेगळे दाखवलेली पावती मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे, आणि तो सहसा कोणी बजावत नाही. ओळखीच्या सराफाकडे पावती मागणे म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवणे, अशी भीड आड येते.

हॉलमार्क असूनही कस कमी निघाला तर काय, याची तरतूद २०१८ च्या नियमांत आहे. समजा, २० ग्रॅमची पाटली २२ कॅरेटची म्हणून घेतली आणि ती १८ कॅरेटची निघाली. तिच्यात १८.३२ ग्रॅम शुद्ध सोने हवे होते, निघाले १५ ग्रॅम. तूट ३.३२ ग्रॅमची. त्या तुटीच्या किमतीच्या दुप्पट रक्कम आणि तपासणीचा खर्च ग्राहकाला मिळू शकतो.

डब्यातील जुन्या दागिन्यांना हा आधार नाही. ते ज्या काळात घेतले, तेव्हा खूणच नव्हती. परंतु ते बाळगण्यास किंवा सराफाला विकण्यास हॉलमार्कच्या सक्तीने कोणतीही बाधा आलेली नाही, हेही पुष्कळांना ठाऊक नसते. 'शिक्का नाही, म्हणून भाव कमी' असे सांगितले गेले तर ते निमूट मान्य करण्याचे कारण नाही. मान्यताप्राप्त तपासणी केंद्र कोणाही नागरिकाचा दागिना माफक शुल्क घेऊन तपासून देते आणि कसाचा लेखी अहवाल देते. पाटल्या मोडायच्याच असतील तर पेढीची पायरी चढण्याआधी तो कागद हाती असावा. भाव करताना मग दगड सराफाचा असला तरी आकडा आपला असतो.